अल्तारावरची लोंबी

परवा चर्चच्या ग्रुपवर मेसेज आला. 'संडेला आगेरा. थीम: बॅक टू रूट्स. ड्रेस कोड: ट्रॅडिशनल.' खाली पिकल्या लोंब्यांचं झकास चित्र. नीट पाहिलं तर ते भात नव्हतंच, गहू होता. अंधेरीच्या या गावठाणात आमच्या सात पिढ्यांत कुणी गहू पेरला नाही. तरी चित्राखाली पन्नास जणांनी हात जोडले होते. मी फोन पालथा ठेवला. आणि ते नुसत्या चित्रामुळे नव्हतं.

आगेरा म्हणजे आमचा नव्या भाताचा सण. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे या बेटांवरचे मूळचे, मराठी बोलणारे ख्रिस्ती. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताची पहिली पेंढी देवळात न्यायची, फादरने तिच्यावर पाणी शिंपडायचं, मग ती घरी आणून अल्तारावर, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यावर, टांगायची. माझा बाप चर्चला अजून देऊळ म्हणतो. मी चर्च म्हणतो. माझी मुलगी शेरिल पॅरिश म्हणते. इमारत तीच, घंटा तीच, बाहेरचा दगडी क्रूसही तोच.

बापाला आम्ही सगळे बा म्हणतो, शेरिलसुद्धा. वय चौऱ्याऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यातही धरलेला, पण ऑपरेशन करायला तयार नाही. आमचं शेत आरेच्या उतारावरून येणाऱ्या ओढ्याच्या काठी होतं. तिथे आता काचेची इमारत आहे आणि तिच्या दारात गळ्यात पट्टे घातलेली मुलं सिगरेटी ओढत उभी असतात. शेत गेलं तेव्हा मी दहावीत होतो. मला आनंद झाला होता, हे आत्ताच सांगून टाकतो. चिखलातून सुटलो, असं वाटलं होतं. पुढे मी विमानतळावर कार्गोत लागलो, इस्त्रीचा शर्ट घालू लागलो आणि रविवारी साडेआठच्या इंग्रजी मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाऊ लागलो.

बाने मात्र शेवटच्या पिकातलं बी ठेवलं होतं. दुधाच्या पावडरीच्या डब्यात, कडुनिंबाच्या पाल्यात. शेत गेल्यावर पहिली काही वर्षं तो आरेतल्या एका ओळखीच्या पाड्यावर जाऊन वाफाभर लावून यायचा. गुडघे गेल्यावर गच्चीवर आला. रंगाच्या मोठ्या रिकाम्या बादल्या, एकूण नऊ. सांत आंतोनच्या सणाला, म्हणजे जूनच्या मध्याला, तो डब्यातल्या बियांवर अंगठ्याने क्रूस काढायचा, 'आमच्या बापा' म्हणायचा आणि पेरायचा. हळवं भात, आगेऱ्याला बरोबर तयार. नऊ बादल्यांतलं पीक ते केवढं! सोसायटीवाल्या पाहुण्यांना तो म्हाताऱ्याचा छंद वाटायचा. मलाही तेच वाटायचं. फरक एवढाच की मी कौतुक करायचो, आणि कौतुक करणारा माणूस सहसा लक्ष देत नाही.

आगेऱ्याच्या दुपारी जेवणाआधी बा त्या आशीर्वादाच्या पेंढीतले दाणे काढायचा, नखाने सोलायचा आणि दुधाच्या वाटीत टाकायचा. घरात जितकी माणसं तितके दाणे. गिळताना तो दाणा लागायचासुद्धा नाही. उरलेल्या लोंब्यांतलं थोडं बी डब्यात जायचं आणि बाकीची लोंबी अल्तारावर, येशूच्या तसबिरीच्या वर खिळ्याला, पुढच्या आगेऱ्यापर्यंत. यंदाचं पीक पाखरांनी खाल्लं, पावसाने झोपलं, तर बी असावं म्हणून. देवाजवळ ठेवलेलं बी कुणी हलवत नाही, हा त्यातला हिशेब. शेतकऱ्याची श्रद्धा अशी पक्की व्यवहारी असते.

माझी श्रद्धा कशी होती? वेळेवर. कपडे नीट, प्रवचन पंधरा मिनिटांवर गेलं की मनगटाकडे बघणारी. देवळातला मराठी मिसा आधी महिन्यातून एकदा झाला, तोही पहाटे सहाला. मग पॅरिश कौन्सिलमध्ये ठराव आला की सात-आठ म्हाताऱ्यांसाठी फादरना उठवायचं कशाला. मी कौन्सिलवर होतो. हात वर करणाऱ्यांत होतो. घरी येऊन बाला सांगितलं, तेव्हा तो फुलांना पाणी घालत होता. म्हणाला, "बरं." तेव्हापासून बा आमच्याबरोबर साडेआठच्या मिसाला येऊन बसतो. एक अक्षर कळत नाही. ओठ मात्र हलत असतात, त्याचं आपलं वेगळंच चाललेलं असतं.

शेरिलची श्रद्धा मला बघवत नसे. ती बावीस वर्षांची, तिच्या यूथ ग्रुपमध्ये गिटार, ड्रम्स, डोळे मिटून वर केलेले हात. गाता गाता पोरं रडतात. मग एकेक जण माइक हातात घेऊन 'टेस्टिमनी' देतो, म्हणजे आपण कुठे चुकलो आणि देवाने कसं सावरलं ते चारचौघांत सांगतो. कुणी परीक्षेत कॉपी केली, कुणी आईशी खोटं बोललं. टाळ्या पडतात. मला शिसारी यायची. आमच्या वेळी पाप कन्फेशनच्या जाळीमागे हळू आवाजात सांगायचं असे आणि बाहेर येऊन वडापाव खायचा असे. एकदा मी तिला म्हणालो, "देवाला ऐकू कमी येतं का गं? एवढे स्पीकर कशाला?"

ती म्हणाली, "डॅडी, तू मिसाला घड्याळ बघतोस. मी निदान रडते."

मी तिला उद्धट म्हणालो. उत्तर सुचलं नाही की आमच्या घरात हाच शब्द वापरतात.

तर गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. असलं ऊन पडलं होतं की गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. नऊच्या नऊ बादल्या पिवळ्या पडल्या होत्या आणि बा दिवसभर टोपी घालून चिमण्या हाकत बसायचा. शेरिल यूथतर्फे सजावटीची प्रमुख झाली होती. एका संध्याकाळी ती गच्चीवर गेली. मी तिथेच दोरीवरचे कपडे काढत होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"बा, यंदा मला भात देशील? पॅरिशला हवंय."

"किती?"

"असेल तेवढं सगळं. मोठं करायचंय."

बाचा चेहरा असा झाला की मी तोंड फिरवलं. घरातल्या कुणी त्याच्याकडे भात मागायची ही पहिली वेळ. मी कधी मागितलं नव्हतं. त्याने दुसऱ्या दिवशी विळा घासला. गुडघे मोडत नाहीत म्हणून स्टुलावर बसून नऊ बादल्या कापल्या. पोरीला कमी पडू नये म्हणून डब्यातलं जुनं बीसुद्धा ओतलं. मी विचारलं, "अरे, सगळंच देतोस?" तर म्हणाला, "देवळात दिलेलं घरी येतंच ना रे. कुठं जातंय?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्याच्या हयातीत ते दर वर्षी घरी आलं होतं. शेरिलला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? मधला माणूस मी.

आगेऱ्याच्या दिवशी देवळाच्या दारातच मला पहिला धक्का बसला. सगळ्या बायका लुगड्यात. पण लुगडी भाड्याची, शिवलेली, मागे चिकटपट्टी. आपल्या आयांना ज्यांनी 'मम्मी, स्कूलला येताना लुगडं नको नेसूस' असं सांगितलं होतं त्याच बायका कासोटा ओढत फोटो काढत होत्या. वर ड्रोन भिरभिरत होता. एक निवेदक माइकवरून 'अवर ॲग्रिकल्चरल हेरिटेज' असं काहीतरी म्हणत होता आणि त्याच्या पायात पांढरे शुभ्र बूट होते. मला सगळ्याचा वीट आला. देवळात पेंढ्यांचा वास यायला हवा, तो ओलसर, गोडूस, गुरांच्या गोठ्याजवळचा. त्याऐवजी रंगाच्या स्प्रेचा वास येत होता.

मग मिरवणूक आत आली. सर्वांत पुढे शेरिल आणि दोन मुलं, हातात सहा फुटी क्रूस. प्लायवुडचा. त्यावर एकेक दाणा फेविकॉलने चिकटवलेला, कडेने लोंब्यांची महिरप, आणि सगळ्यावर सोनेरी रंग. दिव्यांत असा चमकला की लोकांनी मिसा चालू असताना टाळ्या वाजवल्या. त्या दिवशीचं वाचन दाण्याचं होतं. दाणा मातीत पडून मेला तरच पीक येतं, नाहीतर तो एकटाच राहतो, असं येशूने सांगितलं ते. वाचलंही शेरिलनेच, छान इंग्रजीत, त्या सोनेरी क्रूसाशेजारी उभं राहून.

मिसा संपला. बा कापडी पिशवी घेऊन पुढे गेला. दर वर्षी जातो तसा, पेंढी घरी आणायला. क्रूसाजवळ उभा राहिला. त्यातल्या त्यात चांगला डोळा जवळ नेला. मग नखाने एक दाणा खरवडू लागला. नखाखाली सोनेरी कपचा आला. तरुण फादर जवळ येऊन म्हणाले, "अंकल, ब्यूटिफुल ना? युअर ग्रँडडॉटर इज सो टॅलेंटेड." बा म्हणाला, "हो फादर." मग शेरिलला हळूच विचारलं, "बाय, यातलं थोडं सुटल का?"

"नाही रे बा, पक्कं बसलंय. हलवलं तरी नाही निघणार." ती आनंदात होती. तिला वाटलं, मजबुतीचं विचारतोय.

बाने पिशवीची घडी घातली आणि खिशात ठेवली.

घरी आल्यावर मी ओरडलो. आयुष्यात इतका ओरडलो नसेन. कळतं का काय केलंस? चाळीस वर्षांचं बी होतं ते. तुला काय, फोटो आले की झालं. तुमचा देव स्टेजवरचा, तुमची भक्ती नाचायची, तुमच्या पिढीला माती माहीत नाही. आवाज शेजारच्या गल्लीत गेला असेल. शेरिल पांढरी पडली. "मला कुणी सांगितलंच नाही," एवढं एकदा म्हणाली आणि मग बाच्या पायाशी जमिनीवर बसली. बाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, "किती वरडशील? अल्तारावरची गेल्या सालची लोंबी हाय ना? तेवढी पुरं पेरायला. उतरव ती खाली."

मी जागचा हललो नाही.

कारण ती लोंबी नव्हती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आम्ही घराला रंग दिला होता. बा पंधरा दिवस माझ्या बहिणीकडे वसईला होता. अल्तार उतरवताना ती लोंबी माझ्या हातात आली. धूळ, कोळ्याचं जाळं, आत बारीक किडे. झुरळांची पैदास, म्हणालो, आणि ओल्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकली. नव्या रंगाच्या भिंतीवर खिळा मोकळा दिसायला लागला तेव्हा मॉलमधून एक जुडी आणली. तपकिरी रिबिनीने बांधलेली, स्वच्छ, कधी न झडणारी. बा परत आला, खाली उभा राहून छातीवर क्रूसाची खूण केली, वर बघितलं. मोतीबिंदूतून त्याला पिवळं काहीतरी दिसलं असेल. पाच महिने माझा बाप रोज सकाळ-संध्याकाळ त्या जुडीखाली उभा राहून प्रार्थना करत होता. मी चहा पीत ते बघत होतो.

"उतरव की रे," बा पुन्हा म्हणाला.

उतरवली. त्याच्या हातात दिली. त्याने बघितलं नाही, बोटांनी चाचपली. एक कणीस चिमटीत धरून दाबलं. बोटांना शेतकऱ्याची सगळी अक्कल असते. म्हणाला, "गहू हाय." आणि दुसरं कणीस दाबून, "गहूपण नाय." जुडी टेबलावर ठेवली आणि जेवायला बसला. त्या दिवशी दुधाच्या वाटीत दाणा पडला नाही. दूध आम्ही सगळ्यांनी तसंच प्यायलं.

बाने कुणाला काही सांगितलं नाही. मीही नाही. शेरिल तेव्हा खाली मान घालून रडत होती, तिने पाहिलं नसावं असं मी ठरवून टाकलं. पुढे तिने तो क्रूस चर्चच्या स्टोअररूममधून घरी आणला. डिसेंबरपासून रोज कॉलेजवरून आली की कोमट पाण्यात एकेक तुकडा भिजवून दाणे सोडवत बसायची. बोटांची सालं निघाली. जूनमध्ये बाने ते सगळे दाणे पेरले, अंगठ्याने क्रूस काढून, 'आमच्या बापा' म्हणून. पाऊस चांगला झाला. बादल्यांत गवत आलं, दोन टोमॅटोची रोपं आली, भात नाही आलं. जुलैअखेर बाने ती माती नुसतीच हाताने सारखी केली. "देवाला दिलं ते देवाचं," म्हणाला. रोज सकाळी तिला पाणी मात्र अजून घालतो.

आणि नातेवाइकांत गोष्ट झाली. शेरिलने बियाला सोन्याचा मुलामा दिला, ही गोष्ट. बारशाला, लग्नाला, कुणीतरी काढतंच. "काय शेरिल, यंदा चांदीचं करणार का?" सगळे हसतात. तीही हसते. खरं सांगू? मीही हसतो. वर्षभर हसतोय. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवत फिरायचं आणि आपल्या डोळ्यातल्या मुसळाला रिबीन बांधायची. लोकांच्या भाड्याच्या लुगड्यांची मला किळस येते, फोटोतल्या गव्हाची येते, ड्रोनची येते. सकाळी दाढी करताना आरशात जो दिसतो त्याची त्याहून जास्त येते.

मेसेज आला त्याच संध्याकाळी मी कन्फेशनला गेलो. जाळीमागे सांगितलं सगळं. फादरनी शांतपणे ऐकलं, तीन वेळा नमो मरिया म्हणायला सांगितली, झालं. बाहेर आलो तर हलकं वाटेना. इतक्या स्वस्तात? घरी आल्यावर बाला म्हणालो, "बा, त्या लोंबीचं मी आज फादरला सांगितलं."

बा टीव्हीसमोर बसला होता. "फादरची होती का ती?" मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरीला सांगितलंस?"

गच्चीवर गेलो. शेरिल बादल्यांजवळच्या कठड्यावर बसून कानात ते इअरफोन घालून गुणगुणत होती. मी समोर उभा राहिलो. छपन्न वर्षांचा माणूस, शिक्षा झालेल्या पोरासारखा. शेवटी म्हणालो, "शेरिल, अल्तारावरची लोंबी मी फेकली होती. रंगकामाच्या वेळी. ती असती तर बी वाचलं असतं."

तिने कानातलं काढलं. "माहितीये, डॅडी."

"काय माहितीये?"

"मी बघितलं होतं. काळी पिशवी मीच खाली नेऊन ठेवली ना. तेव्हा मला कळलं नव्हतं काय आहे ते. त्या दिवशी बा म्हणाला, लोंबी उतरव, तेव्हा कळलं."

"मग बोलली का नाहीस? मी एवढा बोललो तुला."

"जुडी देताना तू बाकडे बघतही नव्हतास," ती म्हणाली. "मला वाटलं, सांगशील तू. आज सांगशील, उद्या सांगशील. मग मी ग्रुपमध्ये रोज तुझ्यासाठी प्रार्थना करायला लागले. तुला आवडणार नाही म्हणून नाव नाही घेतलं."

त्या स्पीकरच्या गोंगाटात, त्या वर केलेल्या हातांत, ज्याची मी थट्टा करत होतो त्यात वर्षभर मीच होतो. माझ्या व्यवस्थित, घड्याळ लावलेल्या श्रद्धेत तिच्यासाठी एकदाही जागा झाली नव्हती. मी रडलो का? रडलो. तिला मिठी मारायचं धाडस झालं नाही, कठड्यावर शेजारी बसलो.

ती म्हणाली, "संडेला मिसानंतर माझी टेस्टिमनी आहे. बियाची. मी कशी न विचारता सगळं घेतलं ते. तुझं काही बोलणार नाही, टेन्शन घेऊ नकोस."

खालून बाने हाक मारली, जेवणाची. आम्ही उतरलो. बा टेबलावर ताटं मांडत होता. मला एकदम वाटलं, आत्ता नाही बोललो तर पुन्हा एक वर्ष जाईल. म्हणालो, "शेरिल, तुझं झालं की माइक मला दे."

"तू? यूथच्या प्रोग्रॅममध्ये? डॅडी, इंग्लिशमध्ये बोलावं लागेल हां, सगळे..."

"मराठीत बोलणार," मी म्हणालो. "बाला कळलं पाहिजे."

त्या देवळात मराठी शब्द बंद व्हायला माझा हात वर गेला होता. निदान एकदा तरी तो शब्द माझ्याच तोंडून परत यायला हवा. दोन दिवस झोप नीट नाही. लोक हसतील, फोनवर रेकॉर्ड करतील, ड्रोनवाला खाली आणेल त्याचं यंत्र. करू देत.

बाने माझ्या ताटात भात वाढला, दुकानातून आणलेला, पॉलिश केलेला, कुणाच्या शेतातला कोण जाणे. मग म्हणाला, "मना पुढच्या बाकावर बसव. मागून ऐकू येत नाय."